नियोजित विक्री संकुलाच्या वाहनतळात ४८० जागा हव्यात की ३१०? सुनावणीत नेमके काय मांडावे?

प्रश्न: गल्लीतला रहिवासी

आमच्या वस्तीला लागून असलेल्या मोकळ्या भूखंडावर १२,००० चौरस मीटर विक्रीक्षेत्राचे संकुल उभारण्याचा प्रस्ताव स्थानिक नियोजन समितीपुढे आला आहे. तळमजल्यावर सुपरमार्केट, त्याच्या वर कपड्यांची आणि घरगुती वस्तूंची दुकाने, सर्वांत वर चार पडद्यांचे चित्रपटगृह आणि खाली तळघरात वाहनतळ, अशी त्याची रचना आहे. लागू असलेल्या नियमानुसार दर २५ चौरस मीटरमागे एक याप्रमाणे ४८० गाड्यांची सोय करणे विकसकावर बंधनकारक आहे. त्याने मात्र ३१० जागा दाखवून उरलेल्या १७० जागांची सवलत मागितली आहे. अर्जासोबतच्या वाहतूक अहवालात ऐन गर्दीच्या वेळी २९५ गाड्या उभ्या राहतील असा अंदाज दिलेला असून, मागणीपेक्षा जागा जास्तच आहेत, असा निष्कर्ष त्यावरून काढला आहे.

मागची सुनावणी दोन तास चालली, पण चर्चा या आकड्यांभोवतीच फिरत राहिली. आमच्या गल्लीतील बहुतेकांचे म्हणणे असे की एकही जागा कमी करू नये, कारण संकुलात जागा मिळाली नाही की लोक आमच्या दारासमोर गाड्या लावून जाणार. जुन्या बाजारपेठेतील दुकानदारांचा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. संकुलात फुकट पार्किंग आणि बाजारात मात्र शुल्क, ही स्पर्धा बरोबरीची नाही, असे ते सांगत होते. समितीतील दोन सदस्यांना ४८० जागा म्हणजे निव्वळ डांबराचे मैदान वाटते आणि भूखंडाच्या कडेची झाडे वाचवायची तर सवलत दिलीच पाहिजे, असे त्यांचे मत आहे. प्रत्येकाचे थोडेथोडे पटते, आणि माझी अडचणही तीच आहे.

पुढच्या सुनावणीत मला पाच मिनिटे बोलायला मिळणार आहेत. ४८० हा आकडा मुळात येतो कुठून आणि त्याला किती धरून बसावे? २९५ हा अंदाज तपासायचा असेल तर अहवालात कोठे पाहावे? आणि सवलत मिळणारच असेल, तर आमच्या गल्लीला त्रास होऊ नये म्हणून कोणती अट घालून घेता येईल? मी अभियंता नाही. आराखडा उलगडून वाचता येतो, एवढीच माझी पात्रता.

उत्तर: आराखडे तपासणारा

मी बरीच वर्षे असे प्रस्ताव तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

नवीन इमारतीने स्वतःच्या आवारात ठरावीक जागा द्यायलाच हव्यात, हा नियम अमेरिकेतील कोलंबस शहराने १९२३ साली निवासी इमारतींसाठी केला आणि पुढे तो जगभर पसरला. दुकानांसाठीचे आकडे पुष्कळदा अमेरिकी उपनगरांतील मोजण्यांवरून उचललेले असतात, म्हणजे जिथे प्रत्येक जण गाडीनेच येतो, पार्किंग फुकट असते आणि बस जवळपास नसतेच. तेथील अर्बन लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने मध्यम आकाराच्या खरेदी केंद्रांसाठी दर १,००० चौरस फुटांमागे ४ जागा सुचवल्या होत्या. मीटरमध्ये सांगायचे तर साधारण २३ चौरस मीटरमागे एक. तुमचा नियम याच कुळातला दिसतो. ही शिफारस वर्षातील विसाव्या क्रमांकाच्या गर्दीच्या तासावर बेतलेली होती. याचा अर्थ, केंद्र वर्षभरात ३,००० हून अधिक तास उघडे असते, त्यांपैकी जेमतेम एकोणीस तास वगळता उरलेल्या सगळ्या वेळी काही ना काही जागा रिकाम्या राहणार, हे गृहीतच धरलेले होते.

आता क्षेत्रफळाचा हिशोब पाहा. गाडीची चौकट साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर असते. परंतु तिच्यापर्यंत जाणारी मार्गिका, वळण आणि रॅम्प धरले की प्रत्येक गाडीमागे २८ ते ३२ चौरस मीटर लागतात. ३० धरले तर ४८० गाड्यांना १४,४०० चौरस मीटर जागा हवी, आणि संकुलाचे विक्रीक्षेत्र आहे १२,०००. दुकानापेक्षा वाहनतळ मोठा, असा हा नियम आहे. त्यामुळे ४८० या आकड्याला पवित्र मानण्याचे कारण नाही, आणि ‘नियम म्हणजे नियम’ हा युक्तिवाद समितीपुढे फार टिकणारही नाही.

पण म्हणून ३१० बरोबर ठरत नाहीत. वाहनतळ शंभर टक्के भरेपर्यंत नीट चालतो असे अहवाल गृहीत धरतो, आणि प्रत्यक्षात तसे कधीच होत नाही. ८५ ते ९० टक्के जागा भरल्या की उरलेल्या शोधण्यासाठी गाड्या आत घिरट्या घालू लागतात, कोणी निघण्याच्या आशेने मार्गिकेतच थांबतो आणि मागची रांग प्रवेशद्वाराबाहेर येते. ३१० चे ९० टक्के म्हणजे २७९. विकसकाचा स्वतःचा अंदाज २९५ चा आहे, म्हणजे ९५ टक्के. त्याचाच आकडा खरा मानला तरी गर्दीच्या वेळी वाहनतळ भरून वाहणार, हे त्याच्याच कागदावर लिहिलेले आहे. तुमच्या पाच मिनिटांतले पहिले वाक्य हे असू द्या.

२९५ पर्यंत तो कसा पोहोचला, हे सहसा परिशिष्टात सापडते. नमुना म्हणून कोणते केंद्र घेतले, मोजणी कोणत्या वारी आणि किती वाजता केली, तिथे पार्किंग फुकट होते का, बस किती जवळ होती आणि कर्मचाऱ्यांच्या गाड्या धरल्या की नाही, हे पाहा. कर्मचारी ही नेहमी विसरली जाणारी बाब आहे. दुकाने उघडण्याआधी ते येतात, सर्वांत सोयीच्या जागा पकडतात आणि आठ-नऊ तास हलत नाहीत. ग्राहकाची जागा दिवसभरात सहा-सात वेळा रिकामी होते, त्यांची एकदाच. त्यांना आत लावू दिले नाही, तर ते तुमच्या गल्लीतच येतील.

‘सामायिक वापर’ हा शब्द अहवालात असेल तर त्यावरही बोट ठेवा. कचेऱ्या दिवसा भरतात आणि चित्रपटगृह रात्री, म्हणून त्या दोघांनी एकच जागा वापरणे अगदी रास्त आहे. तुमच्या संकुलात मात्र कचेऱ्या नाहीतच. सुपरमार्केट आणि चित्रपटगृह ही दोन्ही सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एकाच वेळी तुडुंब भरतात, आणि सुट्टीच्या दिवशीही फार वेगळे नसते. तिथे सामायिक वापराची वजावट घेतली असेल तर ती कागदी आहे.

शेवटचे, आराखड्याबद्दल. मंजूर नकाशातल्या जागा आणि वापरता येणाऱ्या जागा यांत फरक पडतो. एका तळघरात मी टेप घेऊन उतरलो होतो. नकाशात सलग दिसणाऱ्या ओळीत दोन खांबांमधली चौकट कागदावर पुरेशी रुंद होती, पण खांबाचा गिलावा आणि त्यावरून उतरलेला पावसाच्या पाण्याचा पाइप धरला तर गाडी आत जायची आणि चालकाला दारच उघडता यायचे नाही. तशाच आणखी काही चौकटी ट्रॉल्या ठेवायला, पंपाला आणि रिकाम्या खोक्यांच्या ढिगाला गेलेल्या होत्या. मोजदाद मात्र सगळ्यांची झालेली होती. तेव्हा खांबाशेजारच्या चौकटी किती आहेत, ते मोजा. आणि प्रवेशाचा बूम, म्हणजे तिकीट घेतल्यावर वर उचलला जाणारा आडवा दांडा, रस्त्याच्या कडेपासून किती आत आहे, तेही पट्टी लावून पाहा. तिकीट घ्यायला एका गाडीला दहा सेकंद लागले तर एक बूम तासाला ३६० गाड्या आत घेतो. पण त्या एकसारख्या अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात, आणि झुंड उभी राहायला जागा लागते.

उत्तर: गल्ल्यावर बसणारा

वरील उत्तरातील हिशोब मला मान्य आहे, पण जुन्या बाजारातल्या दुकानदारांची बाजू त्यात आली नाही, म्हणून लिहितो. मी स्वतः दुकानदार आहे आणि माझे निम्मे ग्राहक गाडीने येतात अशी माझी खात्री होती. एकदा आठवडाभर गल्ल्यावर बसून प्रत्येकाला ‘कसे आलात?’ एवढेच विचारले आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर रेघा ओढत गेलो. पायी आलेल्यांच्या रेघा पानभर झाल्या, गाडीवाल्यांच्या दोन ओळीही भरल्या नाहीत. गाडीने येणारा ग्राहक जागा मिळाली नाही म्हणून दारात कुरकुरतो, त्यामुळे तो लक्षात राहतो. चालत आलेला काही बोलत नाही.

हे माझ्या एकट्याचे नाही. बर्लिनमधील दोन खरेदीच्या रस्त्यांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आपले सुमारे २२ टक्के ग्राहक गाडीने येतात, असे तिथल्या दुकानदारांना वाटत होते. प्रत्यक्षात ते ७ टक्क्यांच्या आसपास निघाले. तो दाट वस्तीचा भाग होता, तेव्हा तोच आकडा तुमच्या संकुलाला लावू नका. आठवड्याभराचे सामान भरणारा सुपरमार्केटचा ग्राहक वेगळा असतो. पण ‘पार्किंग कमी म्हणजे धंदा बुडाला’ असे कोणी सुनावणीत छातीठोक सांगू लागला, तर त्याने मोजले आहे का, एवढे विचारायला हरकत नाही.

माझा खरा मुद्दा दराचा आहे. जागांवर सगळे भांडतात, दराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. संकुलात शुल्क असेल आणि तुमची गल्ली फुकट असेल, तर आत ४८० जागा असोत की ८००, काटकसरी माणूस गाडी गल्लीतच लावणार. उलट संकुल फुकट आणि बाजारातला रस्ता सशुल्क असेल, तर आमचे ग्राहक तिकडे वळणार. दोन्हीकडचा दर एकत्र ठरवला गेला नाही तर जागांची संख्या ठरवण्याला काही अर्थ उरत नाही. झ्युरिकमध्ये २००७ साली ‘झिलसिटी’ नावाचे मोठे संकुल उघडले. त्याला सुमारे ८५० जागाच देण्यात आल्या, आणि पहिल्या मिनिटापासून शुल्काची अट मंजुरीतच होती. तिथे ट्रामचे जाळे आहे हे खरे, त्यामुळे तसेच्या तसे उचलता येणार नाही; पण दर हा परवानगीचा भाग असू शकतो, हे समितीला दाखवून देता येईल.

प्रश्नकर्त्याची पुरवणी: गल्लीतला रहिवासी

दोघांचेही आभार. परिशिष्ट आज मिळवले. मोजणी एका आडवारी, दुपारी दोन ते चार या वेळेत केलेली आहे आणि कर्मचाऱ्यांचा उल्लेख कोठेच नाही.

एक शंका उरते. अटी घालायच्या हे पटते, पण आमचा आजवरचा अनुभव असा आहे की अटी परवानगीच्या पत्रात राहतात आणि इमारत उघडली की त्यांची आठवण कोणालाच नसते. समिती तरी चालू इमारत बंद करणार आहे का? शिवाय शेजाऱ्यांचे म्हणणे असे की दराबिराच्या भानगडीत न पडता सरळ ४८० मागावेत, निदान जागा तरी डोळ्यांना दिसतील.

उत्तर: समितीत बसलेला

मी एका नियोजन समितीवर काही काळ होतो आणि तुमच्या शेजाऱ्यांसारखेच मीही एकदा ‘पूर्ण जागा द्या’ म्हणून मत दिले होते. त्या ठिकाणी जागा पूर्ण झाल्या, वाहनतळ बहुतेक दिवस अर्धा रिकामा राहिला, आणि तरीही शेजारच्या गल्लीत गाड्या लागत राहिल्या, कारण गल्लीतून दुकानाचे मागचे दार जवळ पडत होते. तेव्हा जागा वाढवल्या म्हणजे गल्ली सुरक्षित झाली, असे मी आता मानत नाही. गल्लीचा बंदोबस्त गल्लीतच करावा लागतो.

अट टिकते की नाही हे तिच्या शब्दरचनेवर अवलंबून असते. ‘विकसकाने शेजारील रस्त्यांवर पार्किंग होणार नाही याची दक्षता घ्यावी’ अशी अट म्हणजे शुद्ध शोभेची वस्तू; ती मोडली हे कोण, कसे आणि कधी ठरवणार? त्याऐवजी तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्या लागतात: काय मोजायचे, किती झाले की अट लागू होणार, आणि त्यानंतर काय घडणार. उदाहरणार्थ, संकुल उघडण्याआधी तुमच्या गल्लीत सुट्टीच्या आदल्या दिवशी सायंकाळी किती गाड्या उभ्या असतात याची मोजणी विकसकाच्या खर्चाने पण समितीने नेमलेल्या माणसाकडून करून घ्यायची. उघडल्यानंतर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तीच मोजणी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा करायची. आणि गल्लीतील ८५ टक्क्यांहून अधिक जागा भरलेल्या आढळल्या की रहिवाशांसाठी परवाना पद्धत आपोआप सुरू व्हायची, तिचा खर्च विकसकाने आधीच जमा केलेल्या रकमेतून भागवायचा. रक्कम आधी जमा असणे महत्त्वाचे आहे. तुमची शंका रास्त आहे, चालू इमारत कोणीही बंद करत नाही. पण बँकेत पडलेली हमी वटवायला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्यातील कलम १०६ खाली विकसकाशी असे बंधनकारक करार होतात आणि जमीन विकली गेली तरी ते नव्या मालकावरही लागू राहतात. तुमच्याकडच्या कायद्यात कराराची तशी तरतूद कोणती आहे, ते समितीच्या सचिवांना लेखी विचारा. उत्तरही लेखीच घ्या.

१७० जागांबद्दल मधला मार्ग आहे. भूखंडाचा एक तुकडा आज हिरवळ म्हणून ठेवायचा, पण नकाशावर तो भविष्यातील वाहनतळ म्हणून आखून द्यायचा आणि त्यावर पक्के बांधकाम करायला मनाई करायची. वर्षभराच्या मोजणीत गरज दिसली तर तो खुला करायचा, नाही दिसली तर हिरवळ तशीच राहील. अमेरिकेतील अनेक स्थानिक संस्था असे राखीव क्षेत्र मान्य करतात. झाडांच्या बाजूने बोलणाऱ्या दोन सदस्यांना आणि तुमच्या शेजाऱ्यांना एकाच ठरावावर आणायचे असेल, तर मला याहून सोपा प्रस्ताव सुचत नाही. मात्र झाडांची रांग त्या तुकड्यात येता कामा नये, हे आधीच पाहून घ्या, नाहीतर भांडण फक्त एक वर्ष पुढे ढकलले जाईल.

दराबद्दल गल्ल्यावर बसणाऱ्यांशी मी सहमत आहे. गल्लीत किंवा बाजारात शुल्क लावायचे झाल्यास लोक चिडतात, कारण पैसा कुठे जातो ते दिसत नाही. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना शहराने १९९३ साली जुन्या बाजारपेठेत पार्किंग शुल्काचे मीटर लावताना त्याचे उत्पन्न त्याच भागातील पदपथ, दिवे आणि स्वच्छता यांवर खर्च करण्याचे ठरवले, आणि विरोध करणारे दुकानदार तेव्हा राजी झाले.

सवलतीच्या विरोधकांसाठी एक गोष्ट सांगतो. किमान जागांची सक्ती काढली की विकसक वाहनतळच बांधणार नाहीत, ही भीती सर्वस्वी खरी नाही. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती रद्द केली. त्यानंतरच्या मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास झाला तेव्हा निम्म्याहून किंचित कमी प्रकल्पांनी जुन्या नियमापेक्षा कमी जागा दिल्या होत्या. मिश्र वापराच्या इमारतींत घट मोठी होती, तर एकाच वापराच्या इमारतींनी एकूण मिळून जुन्या किमान आकड्यापेक्षा जास्तच जागा बांधल्या. दुकान चालवायचे असते, तेव्हा गरजेची जागा विकसक स्वतःहून देतो. फरक इतकाच की त्याची गरज आणि तुमच्या गल्लीची गरज एक नसते.

उत्तर: चाकाच्या खुर्चीवरून

एक लहानशी भर. अपंगांसाठीच्या जागा एकूण जागांच्या प्रमाणात ठरतात, त्यामुळे सवलत दिली की त्याही कमी होतात. अमेरिकेच्या २०१० च्या मानकांत ३०१ ते ४०० जागांच्या वाहनतळात ८ आणि ४०१ ते ५०० मध्ये ९ अशा सुलभ जागा लागतात. म्हणजे फरक एकाच जागेचा. मला एका जागेपेक्षा ती कुठे आहे याची चिंता जास्त असते. लिफ्टच्या दारापासून दूर, उतारावर, शेजारी खुर्ची उघडायला पट्टा नाही, अशी जागा आकड्यात धरली जाते आणि मला उपयोगाची नसते. मूळच्या ४८० प्रमाणेच सुलभ जागा द्याव्यात आणि त्या सगळ्या लिफ्टलगत सपाट जमिनीवर असाव्यात, असे एक वाक्य ठरावात घालायला सांगाल का?

प्रश्नकर्त्याचा शेवटचा प्रतिसाद: गल्लीतला रहिवासी

नक्की सांगेन, ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले आहे.

काल रात्री आराखडा जमिनीवर पसरून पट्टी लावली. बूमपासून रस्त्याच्या कडेपर्यंत ११ मीटर आहेत. त्यात दोन गाड्या मावतात, तिसरी पदपथावर आणि चौथी थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. खांबाला चिकटलेल्या चौकटी मोजल्या, त्या २६ भरल्या. त्यांतल्या किती निकामी ठरतील ते मला सांगता येणार नाही, म्हणून विकसकानेच प्रत्येकीची खांब वगळून उरणारी रुंदी लिहून द्यावी, अशी मागणी करणार आहे.

शेजाऱ्यांपैकी दोघे राखीव तुकड्याच्या कल्पनेला तयार झाले, तिसरे अजून ४८० वरच अडून आहेत. पाच मिनिटांत २९५ आणि २७९ चा हिशोब, आडवारची मोजणी आणि बूमचे ११ मीटर एवढेच तोंडी मांडतो. अटींचा मसुदा, दोन्हीकडच्या दराच्या मागणीसह, सुनावणीच्या आदल्या दिवशी सचिवांकडे देऊन पोच घेतो.